शाईने लिहिलेली अकरा कार्डं

छापखान्याचा माणूस चार वाजता येणार होता. नात घरात शिरली तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि तिच्या पिशवीत पाणीमोजणी खात्याच्या एका जुन्या नोंदवहीच्या नऊ पानांच्या झेरॉक्स होत्या.

"आली पाणीवाली," वकीलमामा म्हणाला. "सूची झाली, का अजून थेंब मोजतेयस?"

नद्यांची पातळी मोजण्याच्या खात्यात नोकरी लागल्यापासून घरात तिला सगळे पाणीवालीच म्हणत. तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी आजी तेवढी उरली होती.

जेवणाच्या टेबलावर आजोबांच्या नदीनावांच्या कोशाच्या चौथ्या खंडाची शेवटची मुद्रितं पसरली होती. मामा एका टोकाला पानांचे आकडे जुळवत होता. दुसऱ्या टोकाला नातीची आई, नर्सची रात्रपाळी संपवून दवाखान्यातून थेट आलेली, शीर्षकं तपासत होती. हे बहीणभाऊ एका टेबलाशी दोन तास न भांडता बसले होते, यावरूनच प्रसंगाचं वजन कळत होतं. आतल्या खोलीत आजोबा खुर्चीत बसून होते. त्यांची नजर दोन वर्षांपूर्वी जवळजवळ गेली होती, आणि हृदय किती दिवस साथ देईल असं विचारलं की डॉक्टर रक्तदाबाविषयी बोलत. खंड छापून हातात यावा, एवढंच आजोबांनी स्वतःसाठी मागितलं होतं. त्यांची स्वतःची मुलंही त्यांना 'सर' म्हणत. घर कायम विद्यार्थ्यांनी भरलेलं असायचं, मुलांनी ऐकला तो शब्द उचलला, आणि तो बदला असं सांगायचं कुणाला सुचलं नाही.

नातीनं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि मुद्रितांवर अकरा कार्डं ओळीनं मांडली.

"ही पूर्वेकडच्या खोऱ्यातली. पाचव्या प्रकरणाची," ती म्हणाली. "ही खोटी आहेत."

सरांची पद्धत घरात पाढ्यासारखी पाठ होती. एका नदीला एक कार्ड. काठावर उभं राहून आधी पाणी लिहायचं: खोली, रंग, आवाज, तळाला काय. मग साठीच्या पुढची तीन माणसं गाठायची, एकेकटी, एकमेकांचं ऐकू येणार नाही अशी, आणि नाव विचारायचं. तिघांचं जुळलं तरच कार्ड कपाटात. माणूस नाव विसरतो, नाहीतर पाहुण्याला खूश करायला काहीही सांगतो, असं सर म्हणत. पण पाण्याची नोंद काठावर गेल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणून पाणी आधी. बाहेरच्या खोलीतल्या चौसष्ट खणांत अशी चौदाशे बारा कार्डं होती.

तपासायला नातीला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे फक्त सूची आणि नकाशा होता. पण कार्डांवर तारखा होत्या, पाण्याची खोली होती, आणि तिच्या खात्याच्या तळघरात त्याच नद्यांच्या पातळीच्या पन्नास वर्षांच्या वह्या होत्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचा मोह तिला आवरला नाही. तीन महिने ती जेवणाच्या सुट्टीत जुळवत बसली. ज्या कार्डांना वहीत जोड मिळाली ती जवळपास सगळी जुळली, वीतभर इकडेतिकडे. आजोबांचा इतका अभिमान तिला आधी कधी वाटला नव्हता. मग ही अकरा आली.

"एकोणपन्नास वर्षांपूर्वीचे नऊ दिवस," ती म्हणाली. "अकराही कार्डांवर एकच: गुडघाभर, स्वच्छ, तळ दिसतो. हे अकरा ओढे ज्या नदीला मिळतात तिच्या तोंडाशी आमचं केंद्र होतं. तिथे नऊही दिवस पूर आहे. अवेळी पाऊस झाला होता. दुसऱ्या दिवशी खोऱ्यात जायचा एकुलता एक पूल वाहून गेला, असा शेराही आहे. ज्यानं हे लिहिलं तो खोऱ्यात नव्हता."

"वही चुकली असेल."

"नऊ दिवस, तासातासाला?"

मामानं चष्मा काढला. मग पुन्हा जाऊन पाहायचं म्हटलं तर ते खोरं कुठाय, असं तो म्हणाला. धरणाखाली गेलं, माणसं दहा दिशांना पांगली. खोटं म्हणणाऱ्यालाही आता पुरावा मिळायचा नाही. नात म्हणाली की तेच तर वाईट आहे.

पाचवं प्रकरण म्हणजे सरांचं सगळं आयुष्य होतं. ही अकरा नावं आसपासच्या कुठल्याच भाषेत बसत नव्हती. मऊ अक्षरं, जोडीजोडीनं येणारी, सगळी एकाच घडणीची. त्यावरून सरांनी दाखवलं होतं की ज्ञात भाषांच्या खाली, त्या सगळ्यांहून जुनी अशी एक भाषा या डोंगरांत बोलली जात होती, आणि तिचं बाकी सगळं पुसलं जाऊन नद्यांच्या तोंडी एवढंच उरलं होतं. 'तळभाषा' हे नाव त्यांचंच. परदेशातून लोक ती कार्डं बघायला येत, आणि काचेखाली ठेवलेली पाहून हळू आवाजात बोलत.

नातीच्या आईनं मुद्रित बाजूला सारलं. "सांगा त्यांना," ती म्हणाली. "आत्ता, माणूस यायच्या आत. मी शाळेत पहिली आले तेव्हा ह्यांनी माझ्या निकालपत्रात मास्तरांची बेरीज कुठे चुकलीय ते दाखवलं होतं. एकदा आपलीही बेरीज बघू देत."

"तू बदला घेतेयस."

"घेतेय. पण आकडा खोटा आहे का?"

वकिलाला पुरावा समजत होता. तीस वर्षं त्याचंच खात होता. पुरावा आहे म्हणून खटला भरलाच पाहिजे असं नाही, हेही त्याला समजत होतं. आत एक माणूस बसला होता. त्याच्याकडे काही आठवडे होते. त्याला ते सुखानं काढू द्यावेत, खंड हातात द्यावा, आणि पुढे कुणी शहाण्यानं तळघरात जाऊन वह्या उघडल्या तर तेव्हाचं तेव्हा. हे तो बहिणीला दोनदा, दोन तऱ्हांनी सांगून चुकला होता. तिसऱ्यांदा सांगण्यासाठी त्यानं एक कार्ड उचललं, आणि ते उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं.

कार्ड शाईनं लिहिलेलं होतं. सर शाई वापरू देत नसत. काठावर भिजलं की शाई पसरते. चौदाशे कार्डं शिसपेन्सिलीची, आणि ही अकरा शाईची. एकोणपन्नास वर्षांत याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं, कारण भिजलेली कार्डं घरी आल्यावर शाईनं पुन्हा उतरवायची, असं कधीतरी कुणी सांगितलं होतं. कुणी, ते त्याला आता आठवलं. आणि ते गोल, किंचित डावीकडे कललेलं अक्षर त्याच्या शाळेच्या प्रत्येक वहीच्या वेष्टनावर होतं.

"अक्षर बघितलंस?" त्यानं बहिणीला विचारलं.

तिनं बघितलं. तिचा हात टेबलावरून मांडीवर गेला.

त्यानंतर जे झालं त्याचं वकिलाला स्वतःलाच पुढे बरेच दिवस आश्चर्य वाटत राहिलं. पाच मिनिटांपूर्वी गप्प बसा म्हणणारा तो आता दुरुस्तीची भाषा बोलू लागला. तळटीप टाकू, तो म्हणाला. पूर्वेकडच्या खोऱ्याची पाहणी सरांनी स्वतः केलेली नसून त्यांच्या सहायकानं केली होती, आणि त्या नोंदी आता ग्राह्य धरता येत नाहीत. बस. सरांचं नाव स्वच्छ राहतं.

"सहायक," त्याची बहीण म्हणाली. "आईला सहायक म्हणणार तू."

"प्रस्तावनेत सरांनी तेच म्हटलंय."

"मग राहू दे सगळं. काहीही काढायचं नाही. आहे तसं जाऊ दे छापायला."

"मघाशी तू..."

"मघाशी मला माहीत नव्हतं." मग ती मुलीकडे वळली. "आणि तुला कुणी सांगितलं होतं गं पाणी मोजायला?"

नातीनं पिशवी जवळ ओढली. मघाशी आई तिच्या बाजूला होती आणि मामा समोर. आता मामा बाजूला आला होता आणि तो आल्याचं तिला बरं वाटत नव्हतं. तिला खोटी कार्डं सापडली होती. ती कुणाची, हे तिनं विचारलंच नव्हतं. तिच्या हिशोबात लिहिणाऱ्याचा रकाना नव्हता.

"दार ओढून घेतलं की मला जास्त ऐकू येतं," आजी म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण चहावर साय धरली होती. तिनं ट्रे ठेवला, खुर्ची ओढली आणि कार्डांसमोर बसली.

"मी लिहिली ती," ती म्हणाली. "भांडू नका."

हे सांगताना आपला आवाज कापेल असं आजीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तो कापला नाही. उलट दुसऱ्या कुणाची तक्रार सांगावी तसा तो सरळ चालला, आणि त्याचीच तिला थोडी लाज वाटली.

मधलीविषयी मुलांना माहीत होतं. थोरला आणि धाकटी यांच्यामध्ये एक मुलगी झाली, तीन महिन्यांची होऊन तापानं गेली, तिचं नाव ठेवायचं राहून गेलं म्हणून घरात ती 'मधली'. एवढंच. कुठे गेली, कधी गेली, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ते तिनं आता सांगितलं. थोरल्याला आत्याकडे ठेवून ते दोघं आणि तान्ही असे पाहणीला निघाले होते. पश्चिमेकडचं खोरं यांनी करायचं, पूर्वेकडचं तिनं, मुलीला पाठीशी बांधून. दहाव्या दिवशी खालच्या गावात भेटायचं. ती निघाली त्याच दिवशी मुलीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी पूल गेला. ती खोऱ्यात शिरलीच नाही. खालच्या गावातल्या दवाखान्याच्या बाकावर नऊ दिवस बसून होती.

"कशानं गेली?" धाकटीनं विचारलं. ते नर्सनं विचारलं होतं, मुलीनं नव्हे.

"छातीत कफ. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या."

धाकटीनं मान हलवली. तिला ते दिसलं होतं, निदान तसं दुसऱ्या कुणाचं.

नाव ठरवायची घाई नको, असं सर म्हणाले होते. नाव ही विचार करून ठेवायची गोष्ट आहे, पाहणी उरकली की निवांत बघू. पण बिननावाच्या मुलीला बाकावर बसून हाक तरी काय मारायची? ती हाका करत गेली. मुलगी एखाद्या हाकेला डोळे उघडायची. जी ऐकून उघडायची ती विसरू नये म्हणून ती लिहून ठेवायची, यांना दाखवायला, त्यांतलं एक निवडायला. कागद म्हणून तिच्याकडे कार्डांचा गठ्ठाच होता. पेन्सिल पुलाकडच्या धावपळीत कुठेतरी पडली, म्हणून दवाखान्याच्या कारकुनाकडून टाक मागून घेतला. तारीख टाकायची हाताला सवय होती, ती आपोआप पडत गेली.

"आणि पाणी?" नातीनं विचारलं. ती कुजबुजली होती.

"हे दहाव्या दिवशी आले. सगळं उरकलं होतं. मी सांगितलं. हे भिंतीला टेकून उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, आणि पूर्वेकडचं?" आजीनं चहाच्या कपावरची साय चमच्यानं बाजूला केली. "मला त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं बळ नव्हतं. म्हटलं, झालं, पोर परत येताना आजारी पडली. पुलाचं त्यांनी विचारलंच नाही. रात्री ते झोपल्यावर रकाने भरले, सांगणाऱ्या तीन माणसांचेही. तासाभराचं काम. गुडघाभर, स्वच्छ, तळ दिसतो. वर्षभर तेच लिहीत होते की मी."

मग वकील म्हणाला की आई, आता हे आत नेण्यात काही अर्थ नाही, आणि या वेळी तो वकिलासारखा बोलत नव्हता. धाकटीही तेच म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं.

"तुम्हाला आज कळलं," आजी उठत म्हणाली. "मी एकोणपन्नास वर्षं त्या प्रकरणाचे खर्डे त्यांना वाचून दाखवतेय."

तिनं आजोबांना चार वाक्यांत सांगितलं. नात दाराशी उभी होती. आई आणि मामा तिच्या मागे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, मग विद्यार्थ्याला सांगावं तसं म्हणाले, "शक्य नाही."

"बरं."

"अकरा नावांत एक अपवाद नाही. एक घडण, एक आघात. माणूस मनानं रचायला बसला की गोंधळ करतो, वेगळेपणा आणायला जातो. एवढी शिस्त भाषेतच असते. तुला आता नीट आठवत नसेल."

मागे मामानं श्वास सोडला. नातीला कळलं की ही एक वाट आहे, आणि मामाला ती दिसली आहे. आजीला नीट आठवत नाही. एवढं म्हटलं की खंड चार वाजता जसाच्या तसा जाईल, आणि आजी त्यालाही 'बरं' म्हणेल. नातीनं पिशवीतली नऊ पानं काढली, पण तिला बोलावं लागलं नाही.

"शिस्त कुठली त्यात," आजी म्हणाली. "एकाच बाईच्या तोंडची होती, एकाच पोरीसाठी. तिला जी हाक आवडली तीच मी फिरवून फिरवून करत होते."

आजोबांचा हात खुर्चीच्या हातावर पडलेला होता. तर्जनी लाकडावर हळूहळू टेकत होती. एक, दोन, एक, दोन. ते ती नावं मनात म्हणून पाहताहेत, हे नातीला समजलं. आणि बोट अकराव्यानंतर थांबलं, तेव्हा ते त्यांनाही समजलं आहे, हेही.

"तारीख कुठली?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"ती गेली ती."

"तुमच्याकडे लिहून आहे की," आजी म्हणाली. "आठव्या आणि नवव्या कार्डाच्या मध्ये."

हे आजीनं टेबलाशी सांगितलं नव्हतं. धाकटी मागच्या मागे स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मुलगी गेल्यावरही तीन कार्डं लिहिली होती. का, असं आजोबांनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा आजीकडे होता, पण थोडा बाजूला, जिथे ती आहे असं त्यांना वाटत असावं तिथे. मग ते नातीला म्हणाले, "सांगणारं माणूस एक. काठावर नाही. पाचवं प्रकरण काढ."

"सर, बासष्ट पानं आहेत," मामा म्हणाला. "ती काढली तर उरते ती नुसती यादी. तळटीप देऊ..."

"तळटीप नाही. यादीच आहे ती." मग नातीला, "उरलेली चौदाशे एक बरोबर आहेत?"

"जेवढी जुळवता आली तेवढी बरोबर आहेत, आजोबा."

"मग झालं."

आजी अजून त्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर बसली होती. तिला काहीतरी विचारलं जाईल असं वाटत असावं. तारीख विचारून झाली होती. त्याच्या पुढचं काही आलं नाही. ती उठली आणि थंड चहा परत गरम करायला गेली.

तीन वाजता नातीनं सूची घेतली. अकरा नावं सूचीत विखुरलेली होती. तिनं पट्टी आणि पेन्सिल घेऊन एकेक शोधून सरळ रेघ मारायला सुरुवात केली, खात्यात चुकीची नोंद काढतात तशी, खालचं वाचता येईल अशी. सातव्या कार्डावरचं नाव तिचं स्वतःचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी ते आजोबांनी सुचवलं होतं. जगातल्या सगळ्यात जुन्या शब्दांपैकी एक, असं ते म्हणाले होते, आणि सगळ्यांना ते आवडलं. आजी तेवढी काही न बोलता पाणी आणायला उठली होती, असं आई सांगायची. नातीनं त्याच्यावरही रेघ मारली. पट्टी थोडी हलली, म्हणून रेघ शेवटी वाकडी गेली.

छापखान्याचा माणूस वेळेवर आला. गठ्ठा हातात घेतल्यावर त्यानं तो खाली-वर करून पाहिला. शेवटच्या दिवशी पानं वाढवणारे लेखक त्यानं खूप पाहिले होते, कमी करणारे हेच पहिले, असं तो म्हणाला. मामा हसला, त्याला पावतीवर सही दिली, जिन्यापर्यंत सोडून आला, आणि परत येऊन टेबलाशी बसला. बहिणीनं त्याच्यासमोर कप ठेवला. ती आज पहिल्यांदाच त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

आजी टेबलावरची अकरा कार्डं गोळा करत होती. आतून आजोबांचा आवाज आला. त्यांनी तिला हाक मारली नाही, नुसतं बोलायला सुरुवात केली.

"ती नावं," ते म्हणाले. "एकेक करून सांगा. सावकाश. घाई नाही."

आजी थांबली. आयुष्यभर ते तिला 'तू' म्हणत आले होते. 'सांगा' हे ते फक्त नदीकाठच्या माणसांना म्हणत, पेन्सिल हातात धरून, मान जरा तिरपी करून. नातीला दारातून दिसत होतं: मान तशीच तिरपी होती. हातात पेन्सिल नव्हती.

"नाही," आजी म्हणाली. "तुम्हाला सांगायची म्हणूनच लिहिली होती मी. तुम्ही पूर्वेकडचं विचारलंत."

ती कार्डं घेऊन स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मग भांडी लावल्याचा. बाहेरच्या खोलीतल्या खणांवर दुपारचं ऊन पडलं होतं, आणि अकरा कार्डांची काचेची पेटी टेबलावर रिकामी होती. नात ती पुसून कुठे ठेवावी याचा विचार करत होती, इतक्यात आजीनं तिला चहा न्यायला बोलावलं. एकटी तीच बोलवायची तसं, नावानं.

आतल्या खोलीत आजोबांचा चेहरा आवाजाकडे वळला आणि तसाच राहिला.

"आले," नात म्हणाली.